स्टाफ धरणारा माणूस

सिव्हिल इंजिनेरिंगची पोरं कॉलेजात काय शिकतात असं मला कुणी विचारलं, तर मी सांगतो, आधी मला बघायला शिकतात. तेही उलटं. जुन्या दुर्बिणीतून समोरचं सगळं खाली डोकं वर पाय असं दिसायचं. झाड उलटं, देऊळ उलटं, चरणारी म्हैस उलटी, आणि मधोमध हातात आकड्यांची उंच पट्टी, म्हणजे स्टाफ, घेऊन मी उलटा. दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला एक तरी पोरगं दुर्बिणीला डोळा लावून ओरडायचं, "ए, मामा बघ, वटवाघळासारखा लटकलाय!" सगळी हसायची. मी हसायचो नाही. स्टाफ धरणारा हसला की पट्टी हलते.

मोशीतल्या आमच्या मंडळाची पोरं दिवाळी अंक काढतात. ती म्हणाली, "अण्णा, नोकरीवर लिहा, पण थोडक्यात." थोडक्यात मला जमत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. शुद्धलेखन तुम्ही बघा, मजकुराला हात लावायचा नाही, या बोलीवर लिहितोय.

चिंचवडच्या बाजूला एक इंजिनेरिंग कॉलेज आहे. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की माणसं नावच वाचतात. तिथं सिव्हिलच्या प्रयोगशाळेत मी शिपाई म्हणून लागलो. पुढं कागदावर लॅब अटेंडंट झालो. पगार थोडा वाढला, झाडू तोच राहिला. पोरं मला मामा म्हणायची. तिथल्या सगळ्या शिपायांना मामाच म्हणतात, त्यात माझं कौतुक काही नाही.

काम दोन जागी. एक आत, प्रयोगशाळेत. विटा पाण्यात बुडवून किती पाणी पितात ते बघायचं, वाळू चाळायची, सिमेंट किती वेळात घट्ट होतं ते सुई टोचून बघायचं, काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरायचे आणि पुढं मशिनमध्ये दाबून फोडायचे. त्या ठोकळ्याला क्यूब म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, इंजिनेर बांधायला शिकतो. आमच्याकडं निम्मा वेळ फोडायला शिकवत. कुठल्या वजनाला फुटतं ते कळलं की मग त्याच्या बऱ्याच आत राहून बांधायचं. हे आमच्या प्रयोगशाळेच्या पाटणकर सरांचं वाक्य आहे, माझं नाही. आमचे सर फार कमी बोलायचे, म्हणून त्यांचं ध्यानात राहिलं.

दुसरं काम बाहेर, उन्हात. त्याला लेव्हलिंग म्हणतात, आणि ते मला नीट सांगू द्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

जमीन डोळ्याला सपाट दिसते, पण ती सपाट नसते. गटार काढायचं, रस्ता करायचा, तर कुठली जागा किती वर आणि किती खाली हे कळायला लागतं. त्यासाठी तिवईवर दुर्बीण ठेवतात. जिची उंची माहीत आहे अशा खुणेवर मी स्टाफ धरतो. पोरं दुर्बिणीतून आकडा वाचतात. मग मी पुढं जातो, ती परत वाचतात. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा चढ नाहीतर उतार. एवढंच आहे, चौथीतल्या पोरालाही कळेल. पण दुर्बिणीला फार लांबचं वाचता येत नाही. मग दुर्बीण उचलून पुढं न्यायची. आणि दुर्बीण हलते तेव्हा स्टाफ हलवायचा नाही. त्याच ठिपक्यावर उभा ठेवायचा. दुर्बीण नव्या जागी लागली की त्याच ठिपक्यावरचा आकडा पुन्हा वाचायचा. असा जुन्या जागेचा आणि नव्या जागेचा सांधा बसतो. त्या ठिपक्याला चेंज पॉइंट म्हणतात. स्टाफवाला तिथून बोटभर जरी सरकला, तर मागचं सगळं मागं राहतं आणि पुढचं सगळं खोटं.

म्हणून नियम एकच. खूण झाल्याशिवाय हलायचं नाही.

दुर्बिणीपाशी पाच-सहा पोरं असतात. एक वाचतो, एक लिहितो, बाकीची चेष्टा करतात, वडापाव खातात, कुणाचं कुणाशी जमलंय ते बोलतात. स्टाफवाला लांब एकटा. त्याच्याशी बोलणं हातानं. डावा हात पसरला की पट्टी डावीकडं घे. उजवा पसरला की उजवीकडं. हात वर नेऊन खाली आणला की झालं, चल. एवढेच शब्द. वाऱ्यावर हसण्याचा आवाज यायचा, कशावर हसतात ते कळायचं नाही. घरी गेलो की आमची कारभारीण विचारायची, "आज काय झालं कॉलेजात?" मी म्हणायचो, "उभा व्हतो." ती म्हणायची, "पगार देत्यात ना? मग ऱ्हावा की उभं."

स्टाफ नीट धरणं सगळ्यांना जमत नाही. पोरांना धरायला दिला की पाच मिनिटांत खांद्यावर टेकवतात, मोबाइल काढतात. माझा हात मात्र कधी हलला नाही. हे मी फुशारकीनं लिहितोय आणि ते तसंच राहू द्या.

गिऱ्हाइकं आमच्याकडं नाना तऱ्हेची यायची. बाहेरचे ठेकेदार आपले क्यूब तपासायला कॉलेजात पाठवत. एकदा एका साइटवरचा माणूस टेम्पोतून क्यूब घेऊन आला. काय ते क्यूब! कडा अशा की हात कापेल. मशिनचा काटा चढतोय, चढतोय, ठोकळा फुटायचं नाव घेईना. पाटणकर सरांनी विचारलं, "अहो, बिल्डिंगला हाच माल वापरला का?"

तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "छे छे सर, हा खास तपासणीसाठी केलाय. बिल्डिंगला कुणी एवढं सिमेंट घालतं व्हय?"

सर उठून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. खिडकीतून बघितलं तर भिंतीला हात लावून हसत होते. मग आत येऊन त्यांनी ते क्यूब परत पाठवले आणि सांगितलं, बिल्डिंगचे आणा. तो काही परत आला नाही.

दुसरी गंमत शेतकऱ्यांची. सर्व्हेचा कॅम्प आम्ही कधी पुनावळ्याच्या बाजूला, कधी चिखलीच्या पुढं माळावर घ्यायचो. तेव्हा तिकडं ज्वारी, कांदा, ऊस असायचा. तिवई उभी राहिली की तासाभरात माणसं जमायची. आमच्या भागात तिवई म्हणजे रस्ता, नाहीतर कंपनी, नाहीतर रिझर्वेशन. पोरांच्या मार्कांसाठी कुणी ऊन खातं हे कुणाला पटायचं नाही. एकदा एक पैलवान आला, बाळू नावाचा, मिश्या अशा पिळलेल्या. मला एकट्याला लांब उभा बघून माझ्यापाशीच आला.

"पाव्हणं, लाइन माझ्या हिरीतनं जातीया का?"

"न्हाई हो पैलवान, ही पोरांची परीक्षा हाय."

"समदे असंच म्हंत्यात. ते जाऊ द्या. जरा तुमी पलीकडच्या बांधावर सरका की. तिकडं भावकीचं रान हाय."

मी म्हणलं, मला हलता येत नाही. तो गेला आणि ताकाचा तांब्या घेऊन आला. मी हललो नाही, ताकही घेतलं नाही. मग तो कंबरेवर हात ठेवून माझ्या शेजारीच उभा राहिला. दुर्बिणीतल्या पोरांना दोन माणसं दिसायला लागली. शेवटी खूण झाली, मी पुढं गेलो, तेव्हा पैलवान मागनं ओरडला, "लई इमानी मानूस हाय राव, पर सरकारचा!" त्याच्या विहिरीवर आता चौदा मजली इमारत आहे. आमची पट्टी काही तिथून गेली नव्हती.

शिकलेल्या माणसाशी मी वाद घालायचो, हेही लिहितो. मोशीत माझ्या घराचा स्लॅब टाकत होते. गवंडी म्हणाला, "अण्णा, पानी वाढवा, माल पळाया पायजे." मी म्हणलं घाल. पाटणकर सर स्कूटरवरून चहाला आले होते. त्यांनी मालाकडं बघितलं आणि म्हणाले, "मामा, पाणी जास्त झालं. हाडं ठिसूळ होतील घराची."

"सर, आमच्या गावात समदे असाच टाकत्यात."

"मग एक क्यूब याचा भरा, एक कमी पाण्याचा भरा. बघू."

भरले. मुरले. फोडले. कमी पाण्याच्या क्यूबनं मशिनचा दम काढला. माझा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बसला. सर एवढंच म्हणाले, "घरात लेझीम खेळू नका." मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होतो की मशिन बिघडलंय. मग पावसाळ्यात स्लॅब गळला आणि मी गप्प झालो. शिकलेल्याचं ऐकावं. लगेच ऐकायचं कारण नाही, पण ऐकावं.

त्याच घराच्या अंगणात मी क्यूब बसवलेत. फोडलेले क्यूब कॉलेज टाकून द्यायचं. काही नुसते तडकतात, आकार राहतो. ते मी सरांना विचारून घरी आणायचो. ओल्या काँक्रीटवर पोरं खिळ्यानं बॅच आणि नाव कोरतात. रोहिणी. तुषार. बी टू. एकानं बदाम काढून त्यात कुणाचं तरी नाव लिहून परत खोडलंय. सकाळी झाडताना ही सगळी नावं माझ्या पायाखाली असतात. कोण दुबईत, कोण मेट्रोवर, कोण बँकेत. त्यातलं कुणी या अंगणात आलेलं नाही. यायचं कारणही नाही म्हणा.

मी रिटायर झालो, पाठोपाठ कारभारीण गेली. घरात मी एकटा. माझा मुलगा सुनील पुनावळ्याला अकराव्या मजल्यावर राहतो, कामाला चाकणच्या कंपनीत. त्याची कंपनीची बस रोज मोशीच्या चौकातून जाते. तिथं स्टॉप नाही. पहिली शिफ्ट असली की मी चौकात दूध आणायला जातो. बसच्या काचा काळ्या आहेत. आत कोण हात करतंय का ते दिसत नाही. मी आपला करतो.

तो दर रविवारी फोन करून म्हणायचा, "अण्णा, इकडं या राहायला." सूनही तसंच म्हणायची, मनापासून. मी म्हणायचो, माणूस कामाच्या जागेपाशी राहतो. तो म्हणायचा, "अहो, तुम्ही रिटायर झालात." पण रिटायर झाल्यावरही आमच्या एचओडी मॅडम मला दर हिवाळ्यात सर्व्हे कॅम्पला बोलवायच्या. सलग धरणारा माणूस दुसरा नव्हता. शेवटी आमच्या बापलेकांत ठरलं. ज्या वर्षी कॉलेजचं कामाला बोलावणं येणार नाही, त्या वर्षी मोशीचं घर बंद करायचं आणि मी पुनावळ्याला जायचं. मी शब्द दिला. मला खात्री होती की बोलावणं येत राहील.

मागच्या हिवाळ्यात मॅडम बदलून गेल्या होत्या. सिव्हिलला पोरं कमी झालीत, सगळ्यांना काँप्युटर पाहिजे. त्यांच्या जागी आलेल्या नवीन सरांचा फोन आला. फार नम्र मुलगा.

"मामा, कॅम्पला या. आम्ही तुमचा सत्कार ठेवलाय."

"आन् काम?"

"काम नको हो मामा. आता टोटल स्टेशनचं यंत्र सगळं आपोआप मोजतं, ड्रोन आहे. तुम्ही फक्त बसा."

रविवारी सुनीलला सांगितलं, बोलावलंय. तो माझाच मुलगा. म्हणाला, "कामाला का सत्काराला?"

"दोन्हीला."

"अण्णा, सत्काराचं धरायचं नाही. आपलं कामाचं ठरलंय."

"कामालाच बोलावलंय म्हनलं ना!"

मग मला काम करणं भाग होतं.

कॅम्प चिखलीच्या पुढं, नदीकडच्या माळावर होता. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. नव्या सरांनी भाषणात मला विभागाचा कणा म्हणलं. भाषण संपल्यावर मी शाल घडी करून पिशवीत घातली, गाडीतून स्टाफ काढला आणि म्हणलं, "पोरांच्या कुठल्या पार्टीला धरू?" सर घुटमळले. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग सरांनी एका पार्टीला सांगितलं, "तुम्ही मामांबरोबर साधं लेव्हलिंग करा."

पार्टीत लातूरकडची एक मुलगी होती, अंबिका. पुढारी तीच. पहिले आकडे तिनं चांगले वाचले. नवीन दुर्बिणीत माणूस सुलटा दिसतो, त्यामुळं हसायला काही नव्हतं. मग एका खडकावर खडूनं फुली करून चेंज पॉइंट घेतला. मी स्टाफ धरला. पोरांनी तिवई उचलली आणि ती टेकाडाच्या पलीकडं गेली.

मी वाट बघत राहिलो. लावायला वेळ लागतो नव्या पोरांना. पाणसळीचा बुडबुडा मधे येत नाही, तिवईचे पाय रुततात. सावली माझ्या पायापाशी होती, ती सरकायला लागली. माळावर कुणी नव्हतं. नदीपलीकडं क्रेन फिरत होती. टिटवी ओरडून गेली. टेकाडामागून भाजीचा वास आला, मग ताटांचा आवाज आला, मग कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. मला तहान लागली होती. पिशवी दहा पावलांवर होती, तिच्यात बाटली होती. दहा पावलं गेलो असतो तर ते काम राहिलं नसतं. मग तो सत्कार झाला असता.

बऱ्याच वेळानं अंबिका एकटी टेकाडावर आली. हातात पत्रावळीवर जिलबी होती, मला शोधत होती. मला बघून तिनं कपाळाला हात लावला आणि पळत आली.

"अगं बया! मामा, तुम्ही आनखी हितंच हाव?"

"तुमचं मागचं वाचन ऱ्हायलंय ना."

ती खाली बघत म्हणाली, "मामा, आमी तिकडं टोटल स्टेशनवर सगळ्या लेवल घेतल्या की. सरच म्हणले, लवकर उरका. मला वाटलं तुम्हाला कुणी सांगितलं आसंल."

मी स्टाफ तसाच धरून होतो. काय करावं ते मला समजेना, म्हणून धरून होतो.

ती म्हणाली, "थांबा. हलू नका. मी घेते वाचन."

पळत गेली. टेकाडावर तिवई आणली, दुर्बीण बसवली, वाकली, डोळा लावला. मी श्वास धरला, पट्टी सरळ केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं मला फार चांगलं दिसतं. दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर काळी टोपी तशीच होती. नेताना काचेला धूळ लागू नये म्हणून बसवतात ती. पोरगी घाईत काढायची विसरली होती. आत नुसता अंधार दिसत असणार. तिनं त्या अंधारात बराच वेळ बघितलं. स्क्रू फिरवला. एकदा डावा हात पसरून मला पट्टी जराशी डावीकडं घ्यायला लावली. मी घेतली. मग तिनं वहीत काहीतरी लिहिलं, हात वर नेला आणि खाली आणला.

झालं, चल.

मी स्टाफ मिटवला आणि टेकाडावर गेलो. ती हसून म्हणाली, "मामा, एकदम करेक्ट आलंय."

"यायलाच पायजे. धरला कुनी व्हता?"

तिनं दुर्बीण टोपीसकट पेटीत ठेवली. मी पेटीची कडी लावली. जिलबी खाल्ली. गार झाली होती, पण चांगली होती. तिनं शेजारी बसून तिच्या गावाकडचं बरंच सांगितलं. सगळ्या नोकरीत कामावर असताना माझ्याशी कुणी एवढं बोललं नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन सुनीलला फोन लावला. एरवी मी लावत नाही, तोच लावतो. त्यामुळं तो घाबरला.

"काय झालं अण्णा?"

"काय न्हाई. रविवारी ये. टेम्पो घिऊन ये."

"का? काम दिलं नाही का त्यांनी?"

"दिलं की. दिवसभर धरला."

"मग? ठरल्याप्रमाणं तर तुम्ही तिथंच राहायचं."

"ठरलेलं मला नको सांगू. टेम्पो आन म्हनलं तर आन."

त्याच्या मागं नातवाचा आवाज येत होता. मग त्यानं हळूच विचारलं, "छोटा सांगू का मोठा?"

मी घरात सगळीकडं नजर फिरवली.

"छोटा बास व्हईल," म्हणलं.